हाक मारणारा

नगराध्यक्ष तोगाशी बाकावर चढला. चाळींच्या सामाईक न्हाणीघराच्या बाहेरच्या खोलीत माईक नव्हता, आणि त्याला तो कधी लागलाही नव्हता. समोर चाळीतली उरलीसुरली म्हातारी माणसं मांडीवर ओले टॉवेल घेऊन बसली होती. आंघोळी आटोपून ती तशीच सभेला थांबली होती. नगराध्यक्षाने बूट दाराशी काढले होते आणि त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना दिसत होतं.

त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. यंदाच्या हिवाळ्यापासून चाळींच्या रस्त्यावरचा बर्फ काढायला नगरपालिकेची गाडी येणार नाही. पाण्याची जुनी लाईन बंद होणार, आणि हे न्हाणीघरही. खाली स्टेशनजवळ नवी इमारत तयार आहे. तळाला दवाखाना, वरच्या मजल्यांवर घरं. बटण दाबलं की घर गरम होतं, आणि जिने चढायला नकोत, लिफ्ट आहे. गेल्या हिवाळ्यात टोकाच्या घरातला म्हातारा बर्फात अडकून गेला आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हातारा त्याच्याच तुकडीतला होता.

कुणी हरकत घेतली नाही. खाणकामगारांची सभा इतकी सरळ चाललेली तोगाशीने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्याला हुरूप आला. दोन्ही हात पसरून, जुन्या सवयीने पोटातून आवाज काढत तो म्हणाला,

"चला तर मग. वर चाललोय आपण. मागे राहू नका."

खोलीतली कुजबुज थांबली. पहिल्या रांगेतल्या उनोने चहाचा कप तोंडाजवळ नेला होता, तो न पिताच खाली ठेवला. एका म्हातारीने टॉवेल छातीशी धरला. तोगाशीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि लक्षात आलं तेव्हा त्याचे पसरलेले हात कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना.

आमच्या शिकिनाईत खाणीला कुणी खाण म्हणत नाही. डोंगर म्हणतात. माणूस कामावर जातो तो डोंगरात उतरतो, आणि उतरताना भेटलेल्याला रामराम करावा तसं 'सुखरूप' म्हणतो. बस्स, एवढंच. पण डोंगरात कुणी मेलं, तर त्याला स्ट्रेचरवर घालून वर आणताना डोक्याकडचा माणूस त्याला नावाने हाका मारत येतो. अंधारात वळणं फार. शरीर वर येतं आणि जीव बिचारा खालीच चुकतो, म्हणून. प्रत्येक वळणाला सांगायचं, अमक्या, पंपाची खोली आली, डावीकडे वळतोय. वर चाललोय आपण. मागे राहू नकोस. हे शब्द मेलेल्या माणसाचे. जिवंत माणसाला ते कुणी म्हणत नाही, सहलीला निघतानासुद्धा नाही. आमच्याकडची पोरंही जिना चढताना नुसतं 'चल' म्हणतात.

आणि ते सुटले कुणाच्या तोंडून, तर तोगाशीच्या. कुण्या सरकारी साहेबाच्या तोंडून सुटते तर लोक हसले असते.

किनु उठली. पंचाहत्तरी ओलांडलेली, वाळक्या काठीसारखी बाई. तिने टॉवेलची गुंडाळी केली, सपाता पायात सरकवल्या आणि बाकाजवळून जाताना मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आलं एकदाचं तोंडातून," ती म्हणाली, आणि गेली.

बाकीचेही एकेक करून उठले. सगळ्यांत शेवटी उनो. तो तोगाशीबरोबर एकाच वर्षी डोंगरात लागलेला, तोंडाचा फटकळ.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "न्यायला आला होतास की पोचवायला?"

उनो त्याला अजून सेक्रेटरीच म्हणायचा. डोंगर चालू होता तेव्हा तोगाशी युनियनचा सेक्रेटरी होता. डोंगर बंद झाला, युनियन विरली, आणि ज्यांनी त्याला युनियनमध्ये निवडून दिलं त्याच माणसांनी त्याला नगरपालिकेत पाठवलं. आता ती माणसं कमी झाली होती आणि त्याची तिसरी मुदत चालू होती. सुरुवातीला त्याचे फार घोटाळे व्हायचे. नगराध्यक्ष झाल्यावर पालिकेच्या कामगारांशी पहिली बोलणी होती, तर गडी दार उघडून सरळ युनियनच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला. सगळे हसले, तोही हसला. त्या वर्षी त्याने त्यांचे पगार कापले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. मग कुणी हसेना. आता तो न चुकता पलीकडच्या बाजूला बसतो, आणि समोरची तरुण पोरं त्याचीच जुनी वाक्यं त्याला ऐकवतात.

सभेनंतर आठवडा गेला. ज्यांनी आधी होकार दिला होता त्यांनीही निरोप पाठवले. कुणाची कंबर दुखत होती, कुणाची सून वसंतात येणार होती. कार्यालयाचे हेडक्लार्क मियोशी सभ्य माणूस, मूळ शहरातले. ते म्हणाले, साहेब, एका वाक्याने काय होतंय, आपण पत्रक काढून खुलासा करू. तोगाशीने पत्रक काढू दिलं नाही. डोंगरावर पहिला बर्फ दिसू लागला होता. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ठेका संपला होता आणि नवा द्यायला पालिकेकडे पैसे नव्हते. ही माणसं वर राहिली तर वसंतापर्यंत आणखी कुणाला तरी बर्फातून उकरून काढावं लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. झोपेतही दिसत होतं.

उनोनेच अखेर सांगितलं. किनु हलली तर सगळे हलतील. घोडं तिथे अडलंय.

किनुचं घर चाळीत सगळ्यांत वर, डोंगराच्या तोंडाला सगळ्यांत जवळ. तोगाशी गाडी खालीच ठेवून चालत गेला. तिच्याकडे अजून कोळशाची शेगडी होती. मातीच्या ढिगातून वेचलेला कोळसा. तिने त्याला बस म्हटलं नाही, पण चहा ठेवला आणि त्याच्यापुढे कोबीत मुरवलेल्या हेरिंग माशाच्या लोणच्याची वाटी सरकवली. भिंतीवर इवाओचा फोटो होता. फोटोखाली खुंटीला एक धुतलेला, इस्त्री केलेला सदरा टांगलेला होता.

"किनुवहिनी, त्या दिवशी चुकलंच माझं," तो म्हणाला. "शब्द जिभेवरून निसटला."

"निसटला ते बरं झालं. मला वाटलं होतं, विसरलास."

तो लोणचं चिवडत राहिला.

इवाओ तिचा नवरा. ज्या वर्षी डोंगरात वायूचा भडका उडाला त्या वर्षी बोगद्याच्या चौथ्या फाट्याच्या टोकाला काम करत होता. तोगाशी तेव्हा कंपनीच्या दरवाज्यावर उभा राहून माईकवर ओरडला होता, एकालाही आत ठेवणार नाही. सगळ्या पेपरांत छापलं ते वाक्य. आणि खरंच, बाकीचे सगळे काढले. प्रत्येकाच्या डोक्याशी तोगाशीच होता. त्याचा आवाज मोठा म्हणून हाक मारायला नेहमी त्यालाच पुढे करायचे. युनियनमध्ये तो आला तोही त्या आवाजावरच. पण इवाओ सापडला नाही. आग विझेना, मग आत पाणी सोडायचं ठरलं आणि युनियनने मान डोलावली. ते सांगायला तोगाशी याच घरात आला होता. किनुने तेव्हा जमिनीला कपाळ लावून त्याचे आभार मानले होते. मग डोंगराचं तोंड काँक्रीटने बुजवलं त्या दिवशी मोठी सभा झाली. तोगाशीने कंपनीची सालं काढली. लोक रडले. सभा झाली, पण हाक कुणी मारली नाही. स्ट्रेचर नाही तर हाक कशी मारणार? कुणाला सुचलंच नाही.

"वहिनी, इथे थांबून काय होणार आहे?" तोगाशी म्हणाला. "बर्फ पडला की दार उघडायचं नाही तुमच्याने."

"मी गेले आणि तो वर आला, तर कुठे जाईल?"

"वहिनी..."

"डोकं फिरलेलं नाही माझं. मेलाय तो, मला कळतं. तुझ्याआधी कळलं होतं." तिने शेगडीत एक खडा टाकला. "पण त्याला वर आणलेलं नाही कुणी. सगळ्यांना आणलंस. त्याला नाही."

तोगाशीला घाम फुटला. शेगडीचा असेल. तो म्हणाला की आता ते कसं करणार, तोंड बुजलेलं आहे, आत पाणी आहे. आपण नगराध्यक्ष आहोत, लोक काय म्हणतील. शिवाय तरुणपणी त्याने युनियनच्या वर्गात शिकवलं होतं की असल्या समजुतींनी माणूस मालकाच्या मुठीत राहतो. तेही तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"नगराध्यक्षाला कोण बोलावतंय?" किनु म्हणाली. "मला हाक मारणारा हवाय."

रविवारी सकाळी तो आला. अंगावर कोट आणि टाय होता. काय घालावं हे न कळल्याने नेहमीचंच घातलं होतं. चाळीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. किनु काळ्या किमोनोत होती. हातात कापडी पिशवी, तिच्यात तो सदरा. बाकी सामान आदल्या दिवशीच बांधून दाराशी ठेवलं होतं. ते पाहून तोगाशीला कळलं, आता चुकायची सोय नव्हती.

डोंगराचं तोंड म्हणजे राखाडी भिंत, आणि तिच्यातून बाहेर आलेला वायू जायचा बारीक पाइप. तोगाशीने भिंतीवर हात ठेवला. मग घसा साफ करून म्हणाला, "इवाओ! तोगाशी आलोय. तुला न्यायला..."

"सभेत बोलतोयस का?" मागून किनु म्हणाली. "तो शेवटच्या रांगेत नाही बसलेला."

उनो खाकरला. खरंच, तो आवाज सभेचा होता. मेलेल्या माणसाला हाक मारायचा आवाज वेगळा, झोपलेल्या पोराला उचलून नेताना बोलतो तसा. तो कुठे गेला होता कुणास ठाऊक. तोगाशीने डोळे मिटले. भिंतीच्या मागचा उतार, रूळ, पायाखालचं पाणी, सगळं एकेक करून आठवावं लागलं. मग त्याचं त्यालाच आठवू लागलं.

"इवाओ," तो हळू म्हणाला. "ऊठ. चौथ्या फाट्याच्या टोकाला आहोत. वर चाललोय आपण. मागे राहू नकोस... इवाओ, टपकती भिंत आली. इथे मान खाली घाल, तुझं नेहमी आपटायचं... पंपाची खोली आली. डावीकडे वळतोय... तिसरा फाटा, इवाओ. आता चढ आहे. दमलास तर थांबू, पण मागे राहू नकोस."

त्याच्या मागे किनु ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. बायका जप करतात तसं. प्रत्येक वळणाला तोगाशी थांबला की तिचंही पुटपुटणं व्हायचं, मग ती गप्प. त्याला त्याचा आधार वाटला.

"उजेड दिसतोय, इवाओ. तोंडाशी आलो. देवाला नमस्कार कर. बाहेर आलास."

तोगाशीचा चेहरा ओला झाला होता. तो पुसायला त्याने रुमाल काढला नाही. भिंतीपासून ती दोघं उताराला लागली आणि चाळीतली माणसं त्यांना वाट देत मागे सरली. उनोने टोपी काढली. "सुखरूप," तो म्हणाला. मग दुसऱ्या दारातून कुणी म्हणालं, आणि तिसऱ्या.

न्हाणीघरापाशी किनु थांबली.

"आता काय?" तोगाशीने विचारलं.

"आधी आंघोळ," ती म्हणाली. "डोंगरातून आलेला माणूस तसाच घरात घेईन मी?"

तिने सदऱ्याची पिशवी आत नेऊन फळीवर ठेवली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. तोगाशीही तिच्या शेजारी बसला. न्हाणीघराचा तो शेवटचा दिवस होता आणि धुराड्यातून धूर निघत होता. मियोशी गाडी घेऊन खालच्या वळणावर थांबले होते. त्यांना काही समजत नव्हतं, पण त्यांनी इंजिन बंद केलं, तेवढं त्यांना समजलं. तोगाशीने घड्याळाकडे पाहिलं.

"त्याला वेळ लागतो," किनु म्हणाली. "पाठ घासून घेतल्याशिवाय निघत नाही."

थोड्या वेळाने ती आत जाऊन पिशवी घेऊन आली आणि ते पुढे निघाले. तोगाशी पूल सांगत होता, शाळा सांगत होता. इवाओच्या वेळचं सिनेमाघर पाडलं ते सांगत होता, नाहीतर तो तिथल्या खुणेवर चुकला असता. गाडी मागून सावकाश येत होती. तांदळाच्या दुकानापाशी विरोधी पक्षाचा नगरसेवक सायकल धरून उभा होता. तो आ वासून पाहत राहिला. उद्या सभेत हा विषय निघणार, नगराध्यक्षाला भ्रम झालाय म्हणून ठराव येणार, हे तोगाशीला समजलं. त्याचा आवाज बारीक झाला. मागून किनुचं पुटपुटणं तेवढ्यात पुन्हा ऐकू आलं. त्याने आवाज होता तसा केला.

"इवाओ, तांदळाचं दुकान. सरळ चाललोय. मागे राहू नकोस."

नव्या इमारतीत शिरल्यावर त्याला वाटलं, झालं. त्याने लिफ्टचं बटण दाबलं आणि दार धरून उभा राहिला. किनु आत येईना.

"या ना, वहिनी."

"त्याला लिफ्ट ठाऊक आहे का?"

तोगाशीच्या लक्षात आलं. दोघं आत गेली. दार बंद झालं, आणि डोंगरात माणसं खालीवर नेणारा पाळणा सुटताना बसायचा तसा हलका हिसका बसला. त्याचा हात आपसूक भिंतीवरची दांडी शोधू लागला.

"इवाओ, पाळण्यात आहोत," तो म्हणाला. "हा पहिला मजला. हा दुसरा. वर चाललोय आपण. तिसऱ्यावर उतरायचं."

घरात किनुने आधी सदरा खुंटीला लावला. खुंटी उंच होती, तोगाशीने लावून दिला. मग तिने बटण दाबून पाहिलं आणि भिंतीतून ऊब आली तेव्हा 'हं' म्हणाली, एवढंच. खाली मियोशी फोनवर होते. वरच्या चाळीतून उनोचा निरोप आला होता की टेम्पो एक नको, दोन पाठवा. तोगाशी निघाला. तो लिफ्टपर्यंत पोचला तेव्हा मागून तिने हाक मारली.

"शिगे."

शिगेहारु हे त्याचं पाळण्यातलं नाव. शिगे म्हणून त्याला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"मागून मी जप करत नव्हते," ती म्हणाली. "तुझं नाव घेत होते. टपकती भिंत, पंपाची खोली, पूल. शिगे, वर चाललोय आपण, मागे राहू नकोस. सगळ्या वळणांवर."

"वहिनी, मी जिवंत आहे," तोगाशी म्हणाला.

"आम्हीही होतो की, त्या दिवशी न्हाणीघरात. फिट्टंफाट." तिने दाराची कडी चाचपून पाहिली. "आणि तू तरी कधी आला होतास वर? सगळ्यांना आणलंस आणि पुन्हा पुन्हा आतच गेलास."

तिने दार लावून घेतलं.

लिफ्ट आली. तो तिच्यात एकटाच उभा राहिला. खाली मियोशींनी गाडीचं दार उघडून धरलं, दुसऱ्या टेम्पोचं सांगितलं, उद्याच्या सभेचं सांगितलं आणि विचारलं, आता कार्यालयातच जायचं ना, साहेब?

तोगाशीने टाय सोडून खिशात कोंबला.

"न्हाणीघराकडे घ्या," तो म्हणाला. "आधी आंघोळ."